जुना देश विसरावा काय?

कल्याण स्थानकात एका वाटेच्या दोन वाटा होतात. मुंबईहून आलेली गाडी येथून एक तर कसाऱ्याच्या घाटाकडे वळून नाशिकास जाते, नाही तर कर्जतच्या बाजूने पुण्यास. या दुसऱ्या वाटेवर विठ्ठलवाडी व त्यानंतर उल्हासनगर ही स्थानके लागतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही अंबरनाथास एका प्रार्थनासभेसाठी चाललो असता आमच्याबरोबर जालन्याकडील एका खेड्यातील उपदेशक होते. त्यांचा मुलगा कल्याणास रेल्वेच्या शेडात नोकरीस आहे व वृद्ध मातोश्रीही तेथेच असतात, म्हणून ते भेटीस आले होते. मंडळीतील लोक त्यांस मास्तर म्हणतात. आम्हीही तेच म्हणू.

समोरच्या बाकावर दोन वृद्ध गृहस्थ सिंधी भाषेत बोलत बसले होते. ते उल्हासनगरास उतरून गेले, तेव्हा मास्तर म्हणाले, “पाळकसाहेब, हे लोक येथे येऊन पाऊणशे वर्षे होऊन गेली. त्यांची नातवंडे आपल्यासारखे मराठी बोलतात. तरी कोणी पुसले तर अजून आपण शिकारपूरचे, आपण लारकान्याचे, असेच सांगतात. आपल्या लोकांस तर आपण शिकविले की, मागील ते विसरावे आणि पुढे पाहावे. मग देवाच्या दृष्टीने बरे कोणते?”

आम्ही फलाटावर उतरता उतरता काही उत्तर दिले खरे, परंतु ते घाईचे होते व त्याने मास्तरांचे समाधान झाले नाही. आमचेही झाले नाही. सभा संपवून परत येताना आणि त्यानंतर पुष्कळ दिवस तो प्रश्न आमच्या मनात राहिला. जो मनुष्य आपला देश सोडून शेजारच्या देशात येतो, त्याने जुना देश विसरणे हे त्याचे कर्तव्य आहे काय? आणि ज्यांच्यामध्ये तो येऊन राहतो त्यांस, ‘विसर’ असे सांगण्याचा अधिकार आहे काय? या प्रश्नाचा विचार प्रिय वाचकांबरोबर करावा, म्हणून हे चार शब्द लिहीत आहो.

शास्त्रात असा मनुष्य शोधू गेल्यास प्रथम योसेफ आठवतो. सतरा वर्षांचा असता भावांनी त्याला विकले. तीस वर्षांचा असता तो फारोपुढे उभा राहिला. मिसर हा कनानाचा शेजारदेश. तेथे त्याचे लग्न झाले, त्याला दोन पुत्र झाले, आणि थोरल्याचे नाव त्याने मनश्शे असे ठेविले. विसर पाडणारा, असा त्याचा अर्थ. देवाने मला माझे सर्व कष्ट व माझ्या बापाचे घर यांचा विसर पाडला, म्हणून हे नाव, असे त्याने कारण सांगितले. आमच्या वाचकांनी येथे थोडे थांबून पाहावे. ज्याला खरोखर विसर पडला तो आपल्या मुलाचे नाव ‘विसर’ असे ठेवील काय? रोज सकाळी अंगणात मुलाला हाक मारावयाची, आणि प्रत्येक हाकेसरशी आपण काही विसरलो आहो हे आठवावयाचे! आणखी असे की, ते नाव मिसरी भाषेतले नाही, इब्री आहे. बायको मिसरी, पोशाख मिसरी, नोकरी फारोची. पण पहिल्या लेकराला हाक मारण्याची वेळ आली तेव्हा तोंडी आली ती आईची बोली.

आता कल्याणाकडे येऊ. सिंध प्रांत इंग्रजांनी १८४३ साली जिंकला व १८४७ साली मुंबई इलाख्यास जोडला. १९३६ साली तो वेगळा होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, कराची व ठाणे ही दोन्ही मुंबईच्या एकाच गव्हर्नराच्या अमलाखाली होती. कराचीतील पहिल्या सरकारी शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव आहे. हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील अधिकारी, आणि सिंधी हिंदूंची लिपी नीट बसविण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविले होते. तेव्हा सिंध काही सातासमुद्रांपलीकडे नव्हता. पण वेगळा झाल्याला पुरी बारा वर्षे होण्याच्या आत, १९४७ सालच्या ऑगस्टात, तो परका देश झाला. पुष्कळांनी घर सोडले नव्हते, उंबरठासुद्धा ओलांडला नव्हता. देशच त्यांच्या पायाखालून निघून गेला. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली, आणि त्यानंतर निघणाऱ्यांचा लोंढा फार वाढला. लोक आगबोटीत बसून मुंबईच्या बंदरास लागले आणि तेथून पुष्कळांस कल्याणाकडे पाठविण्यात आले.

कल्याणापासून दोन-तीन मैलांवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराची छावणी होती. दोन हजारांवर बराकी, आणि युद्ध संपल्यावर त्या ओसाड पडलेल्या. तेथे एक लाखाच्या आसपास माणसे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे कोनशिला बसविली व वस्तीस उल्हासनगर असे नाव दिले. जवळून वाहणारी नदी उल्हास, आणि शब्दाचा अर्थ आनंद. त्या वेळी तेथे आनंद किती होता, हे ज्यांनी त्या बराकींत दिवस काढले त्यांसच विचारले पाहिजे. आजही त्या भागांस लोक कॅम्प एक, कॅम्प दोन, असे पाचापर्यंत आकड्यांनीच ओळखतात.

आमचे बालपण कल्याणास गेले. आमच्या चाळीसमोरील घरात एक वृद्ध सिंधी बाई राहत असत. सर्व मुले त्यांस अम्मा म्हणत. आता त्या हयात नाहीत. शिकारपूरहून आल्या तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांच्या तोंडून आम्ही जे ऐकले त्यात दंगलीचे फार थोडे असे. माणूस मोठ्या दुःखाविषयी मुलांपाशी बोलत नाही. त्या सांगत ते लहान लहान त्रासांविषयी, आणि आम्हांस आता वाटते की परक्या देशात राहण्याचे खरे ओझे त्या लहान गोष्टींतच असते.

बराकीच्या लांब दालनात पुष्कळ कुटुंबे; मध्ये गोणपाटाचे व जुन्या साड्यांचे पडदे. पडद्यापलीकडे कोणी खोकले तर इकडचे मूल जागे होई. गावी उन्हाळ्यात सपाट धाब्यावर निजण्याची सवय, येथे कौलाखाली घामाने निथळावे. वरच्या सिंधेत वर्षाकाठी पाऊस पडतो तो शंभर मिलिमीटरांच्या आसपास. कल्याणास दोन हजारांहून अधिक. पहिला पावसाळा आला तेव्हा अम्मांच्या आईला वाटले की, जग बुडत आहे. आठ आठ दिवस कपडे वाळेनात, पिठाला बुरशी येई, आणि पापड लाटून पोट भरणाऱ्या बायकांना पापड वाळवावे कोठे, हा प्रश्न पडे. सिंधू नदीतला पल्ला मासा येथे नाही. भाजी घेऊन येणाऱ्या आगरी बाईला काय पाहिजे ते बोटांनी दाखवावे लागे. पालकाबरोबर शिजवावयाचा जो आंबट पाला त्यांस हवा असे, तो आपल्याकडे चुका या नावाने मिळतो, हे समजण्यास त्यांस दोन महिने लागले. कढी मागितली तर शेजारीण ताकाची आणून देई. सिंधी कढीत ताक नसते, ती बेसन भाजून चिंचेने आंबट करतात. दोघींनी एकमेकींची कढी चाखली व दोघींनीही तोंड वाकडे केले, असे अम्मा हसत सांगत. एक शब्द मात्र पहिल्या दिवसापासून दोन्हीकडे सारखा होता. हिंदी बोलणारा पानी म्हणतो; सिंधी माणूस आपल्यासारखाच णकार उच्चारून पाणी म्हणतो. नळावरच्या रांगेत दुसरे काही समजले नाही तरी तेवढे समजे, आणि भांडणास तेवढे पुरे होई.

त्यांचे वडील गावी जमीनदाराकडे हिशेबनीस होते. येथे ते गाडीत पेपरमिंटच्या गोळ्या विकू लागले. कल्याण ते मुंबई आणि मुंबई ते कल्याण. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून हाकच निघेना. डोंबिवलीपर्यंत ते गोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन उतारूसारखे बसून राहिले. त्या पिढीच्या लोकांस निर्वासित हा शब्द फार लागे. आम्ही कोणाच्या शरणास आलो नाही, आम्ही कष्ट करणारे आहो, आम्हांस पुरुषार्थी म्हणा, असे ते म्हणत.

परंतु अम्मांच्या आईने पहिली तीन वर्षे बराकीच्या भिंतीत एक खिळा ठोकू दिला नाही. आपल्याला परत जावयाचे आहे, मग खिळा कशाला? ट्रंक बांधलेली ती बांधलेलीच. आमच्या वाचकांस येथे यिर्मयाचे पत्र आठवेल. बाबेलास धरून नेलेल्या लोकांस खोटे संदेष्टे सांगत होते की, दोन वर्षांत सर्व काही परत मिळेल. यिर्मयाने लिहिले ते याच्या उलट. घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांस नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, अशा अर्थाचे ते पत्र आहे. पुष्कळ पाळक यावर उपदेश करताना असे दाखवितात की, जणू काय हे ऐकून लोकांस आनंद झाला असेल. आम्हांस तसे वाटत नाही. घर बांध, म्हणजे परत जाण्याची आशा सोड. असेच ते कानांस लागले असेल. चौथ्या वर्षी अम्मांच्या आईने एका फुटक्या डब्यात माती भरून पुदिना लावला. कोणास काही सांगितले नाही. वडिलांनी संध्याकाळी तो डबा पाहिला, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत, असे अम्मा सांगत.

हे झाले येणाऱ्यांचे. ज्यांच्यामध्ये ते आले त्यांचे काय? योसेफाच्या गोष्टीत एक ओळ आहे, ती आमच्या खेड्यांतील लोकांस विद्वानांपेक्षा चांगली समजेल. भाऊ धान्यासाठी आले, योसेफाने त्यांस घरी जेवावयास बसविले, तेव्हा तीन पंक्ती वाढण्यात आल्या. योसेफाचे पान वेगळे, भावांचे वेगळे, मिसरी लोकांचे वेगळे. कारण इब्र्यांबरोबर जेवणे मिसऱ्यांस विटाळ वाटे. सर्व देशाचा कारभार ज्याच्या हाती, ज्याच्या शहाणपणाने दुष्काळात लोक वाचले, त्याच्याही पंक्तीस कोणी बसेना! त्याची अंगठी चालली, त्याची कोठारे चालली, पण त्याच्या ताटाशेजारचे ताट चालले नाही. ज्यांच्या आजोबांस गावाच्या पाणवठ्यावर चढू देत नसत, त्यांस याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि तरीही आम्ही काय केले? येथे आम्हांस आपला एक दोष सांगितला पाहिजे. आमच्या लहानपणी उल्हासनगरात तयार झालेल्या मालाविषयी एक थट्टा सर्वत्र चाले. त्या मालावर मेड इन यू.एस.ए. असे लिहितात, आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, अशी ती थट्टा. आम्ही ती अम्मांच्या नातवाला शाळेच्या वाटेवर रोज ऐकवीत असू. तो आमच्याच वर्गात होता, त्याचा जन्म कल्याणातला, आणि त्याचे मराठी शुद्धलेखन आमच्याहून चांगले होते. त्याच शाळेत आम्हांस कोणी बाटग्या म्हटले म्हणजे आम्ही घरी येऊन रडत असू. ज्या दिवशी आम्ही रडलो त्याच दिवशी त्याला चिडविले, असेही झालेले आहे. एक दुखणे माणसाला दुसऱ्याचे दुखणे ओळखावयास शिकविते, असे आपण मानतो. आमच्या अनुभवास तसे आले नाही. ते मुद्दाम शिकावे लागते.

तथापि न्यायाने पाहता स्थानिक लोकांचीही एक बाजू आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. युद्धकाळात सरकारने या टापूत शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. शेजारच्या नेवाळीस विमानांसाठी घेतलेल्या जमिनीचा वाद इतका लांबला की, जून २०१७ मध्ये तेथील शेतकरी रस्त्यावर उतरले आणि मोठा दंगा झाला. ज्याचे भाताचे शेत गेले त्या आगरी कुळंब्याच्या दारी कोणी कोनशिला बसविण्यास आले नाही. पुढे नव्या लोकांनी थोड्या नफ्यावर पुष्कळ विक्री करण्याची रीत धरली, तेव्हा जुन्या दुकानदारांस ते जड गेले. वालधुनी नदीचे पाणी कारखान्यांनी व कपडे धुण्यारंगविण्याच्या धंद्याने काळे झाले. त्यात उल्हासनगराचाही वाटा आहे, आणि यिर्मयाचे पत्र ज्यास लागू करावयाचे त्याने नगराच्या कल्याणात नदीही धरली पाहिजे. योसेफाच्या चरित्रातही एक अध्याय आहे, तो आम्ही व्यासपीठावरून क्वचितच वाचतो. दुष्काळात त्याने धान्याच्या मोबदल्यात मिसऱ्यांचे पैसे घेतले, मग गुरे घेतली, मग जमिनी घेतल्या, आणि शेवटी त्यांस फारोचे दास करून ठेविले. परदेशाहून आलेल्या मनुष्याने केलेला हा कारभार. पुढे योसेफाला न ओळखणारा राजा उठला व इब्र्यांचे हाल झाले. त्या राजाची बाजू आम्ही घेत नाही. पण त्याच्या प्रजेच्या मनात काय साचले असेल याचा विचार आम्ही कधी करीत नाही, एवढेच म्हणतो.

मग योसेफ नेमके काय विसरला होता? बापाचे घर विसरला नव्हता. भाऊ समोर आले, तेव्हा तो बाजूला जाऊन रडला, आणि धाकट्याला पाहून पुन्हा रडला. भाषा विसरला नव्हता. दुभाषी मध्ये ठेवून तो त्यांचे बोलणे चोरून समजून घेत होता. देश विसरला नव्हता. मरताना आपल्या अस्थी येथून न्याव्या अशी त्याने शपथ घालविली. एकच गोष्ट अशी दिसते की, ती त्याच्यापाशी पूर्वीसारखी राहिली नव्हती. ती म्हणजे भावांकडून येणे असलेला हिशेब. तोसुद्धा एका दिवसात सुटला नाही. भावांस हेर ठरवून त्याने बंदीत टाकले, एकाच्या पोत्यात प्याला लपविला, आणि फार वेळ त्यांस तळमळत ठेविले. मनश्शे तर भाऊ येण्याच्या पुष्कळ आधी जन्मला होता. तेव्हा ते नाव झालेल्या गोष्टीचे नसून व्हावी अशा गोष्टीचे असेल. नवसासारखे.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, स्मरण दोन प्रकारचे असते, आणि मास्तरांच्या प्रश्नाचा घोटाळा या दोहोंस एक समजण्यात आहे. आईची कढी, गावचे नाव, घरची बोली, यांचे स्मरण कोणाचे काही घेत नाही. सिंधी भाषेला तर या देशात आता स्वतःचा प्रांत नाही. तिच्यासाठी लोकांनी खटपट केली व १० एप्रिल १९६७ रोजी तिचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. यामुळे मराठीचे काय कमी झाले? दुसरे स्मरण वेगळे आहे. ते जुन्या ठिकाणच्या अपराधाचा दंड नव्या ठिकाणच्या निरपराध माणसापासून वसूल करू पाहते. कराचीत जे घडले त्याचा जाब कल्याणच्या बाजारातील मुसलमान अत्तरवाल्याला विचारणे, हे ते स्मरण होय. त्याने शिकारपूर पाहिले नाही आणि त्याच्या बापानेही पाहिले नाही.

आणि याच खाडीकाठची काही कोकणी मुसलमान कुटुंबे त्याच सुमारास आपली घरे सोडून कराचीस गेली, हेही विसरता कामा नये. तेथे त्यांसही कोणी तुम्ही कोठले असे पुसले असेल, त्यांच्याही बायकांस कोकणातला तांदूळ व ओल्या नारळाची आमटी आठवली असेल. ठाण्याच्या बेने इस्राएल बंधूंचे उदाहरण तर याहूनही विचार करावयास लावणारे आहे. त्यांचे ठाण्यातील प्रार्थनामंदिर १८७९ सालचे आहे. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ लोक इस्राएलास गेले. तो काही शेजारचा देश नव्हे, पण ते तेथे परके म्हणून गेले नव्हते, वचनदत्त भूमीला परत म्हणून गेले. त्यांनी तेथे जाऊन काय केले? मायबोली या नावाचे मराठी नियतकालिक चालविले. पवित्र भूमीत पाय ठेविल्यावरही ज्यांस ठाण्याची भाषा सोडवेना, त्यांच्यावर देव रागावला असेल असे आम्हांस वाटत नाही.

येथे एक अडचण आहे, व ती आम्ही पुरती सोडवू शकलो नाही. दुसऱ्या प्रकारचे स्मरण टाकून द्यावे, हे ठरले. पण ते टाक असे सांगावे कोणी? आम्ही नवे नवे पाळक झालो तेव्हा अम्मांस भेटण्यास गेलो होतो. बोलता बोलता त्या तेथील शेजाऱ्यांविषयी काही कडवट बोलल्या. आम्ही तात्काळ क्षमेवर उपदेश सुरू केला. त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग पापड भाजून पुढे ठेविला, पाणी दिले, आणि म्हणाल्या, “बेटा, तुझे काय गेले होते?” आमचे काहीच गेले नव्हते. योसेफाला कोणी मिसरी पुरोहिताने भावांस क्षमा कर असे सांगितलेले नाही. त्याने केली ती आपण होऊन केली. आणि तो करीपर्यंत शास्त्राने वाट पाहिली आहे, त्याला घाई केलेली नाही. ज्याचे काही गेले नाही त्याने येणाऱ्यास अगोदर नळावर जागा द्यावी, पंक्तीस घ्यावे, त्याची कढी चाखावी. एवढे केल्यावर क्षमेविषयी बोलण्याचा अधिकार त्याला येतो की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. एवढे केल्यावाचून येत नाही, हे मात्र खास.

आता मास्तरांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिला, तो आपल्याविषयीचा. आपले वाडवडील ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी गाव सोडले नाही, पण देश सोडल्यासारखेच झाले. त्याच वेशीत राहून ते परके ठरले. विहीर, बलुते, सोयरीक, सर्व एका दिवसात बदलले. पौलाने फिलिप्पैकरांस मागील गोष्टी विसरण्याविषयी जे लिहिले ते आपण त्यांस पाठ करविले. पण पौल मागील म्हणून ज्या गोष्टी मोजतो त्या कोणत्या? आपले कुळ, आपला वंश, आपला कर्मठपणा, म्हणजे ज्यांचा त्याला अभिमान होता त्या. आपण मात्र उलट केले. कित्येक मंडळ्यांत आईच्या ओव्या गेल्या, सणाचे पक्वान्न गेले, गोधडीवरचे नक्षीकाम गेले. आणि सोयरीक ठरविताना, तुम्ही मूळचे कोणांपैकी, हा प्रश्न जशाचा तसा राहिला. ज्या ट्रंका सोडावयाच्या त्या फेकल्या, आणि जी फेकावयाची ती अजून बांधलेली ठेविली आहे. हे लिहिताना आमच्या मंडळीतील काहींस राग येईल, याची आम्हांस कल्पना आहे.

मास्तरांनी तो प्रश्न आम्हांसच का विचारला, हे आमच्या ध्यानात फलाटावर आले नव्हते. पुष्कळ दिवसांनी आले. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्या खेड्यात सुगीच्या उपासनेस गेलो होतो. त्यांची आई अंगणात तांदूळ निवडीत ओव्या म्हणत होती. त्यात देवदेवतांचे काही नव्हते. माहेरची वाट, बोरीचे झाड आणि मुऱ्हाळी आलेला भाऊ, एवढेच असावे. आम्ही नीट ऐकलेही नाही. आपल्यापाशी गीतांचे पुस्तक असता हे कशाला, असे आम्ही चारचौघांत बोललो, आणि म्हातारी गप्प झाली.

अंबरनाथच्या सभेनंतर दोन महिन्यांनी आम्ही कल्याणास मास्तरांच्या मुलाच्या घरी गेलो. आजी खिडकीपाशी बसल्या होत्या. खाली गाड्यांचा आवाज सारखा चाललेला. आम्ही झाल्या गोष्टीची क्षमा मागितली, आणि त्या ओव्या ऐकवाव्या अशी विनंती केली. त्यांनी पदर सावरला, डोळे मिटले, एक ओवी म्हटली, दुसरी अर्धी म्हटली, आणि थांबल्या.

“फुडचं याद न्हाई, साहेब,” त्या म्हणाल्या. “लई दिस झाले. जरा बसा, आठवतंय का बघते.”

आम्ही बसलो. सुनेने चहा आणून ठेविला. आजींचे ओठ हालत होते.